बॅगेत खेळाचे बूटही असू द्या

शिक्षणासाठी बोरीवलीहून परदेशी निघालेल्या मुलाची बॅग भरताना आपण लोणच्याची बरणी विसरत नाही; खेळाचे बूट मात्र घरीच राहतात. सौरभ नेत्रावळकर आठवा. मुंबईकडून रणजी खेळलेला हा अभियंता २०१५ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेला, तेव्हा क्रिकेट संपले असेच त्याने मानले होते. पुढे नोकरी सांभाळून, सुटीच्या दिवशी दूरच्या शहरापर्यंत प्रवास करून तो पुन्हा खेळू लागला. १२ जून २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याने बोरीवलीत वाढलेल्या रोहित शर्माला बाद केले. असे यश सर्वांच्या वाट्याला येत नाही. परंतु परक्या गावी मैदान ओळखी जोडून देते, एकटेपण हलके करते. तेवढ्यासाठी तरी बूट आठवणीने द्या.