निरभ्र आकाशातले भोवरे

मे २०२४मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेलं विमान म्यानमारवर जबरदस्त हादरलं आणि एका प्रवाशाचा जीव गेला. तेव्हापासून ‘रडारला आधी कळत कसं नाही?’ हा प्रश्न सतत कानावर येतो. विमानाच्या नाकातल्या रडारच्या लहरी जेमतेम तीन सेंटीमीटरच्या. पावसाचे थेंब त्यांना टिपता येतात. ढगच नसले तर हवेतले भोवरे मात्र सुटतात.

ते दिसू शकतात हे जगाला पटवलं रोनाल्ड वुडमन या पेरूच्या शास्त्रज्ञाने. लिमाजवळच्या हिकामार्का इथलं प्रचंड रडार आयनोस्फिअरच्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराच्या, अभ्यासासाठी उभारलं होतं. वुडमन आणि अल्बर्टो गिएन यांनी त्यावर खालच्या थरांतून येणारे अगदी क्षीण प्रतिध्वनी पकडले आणि १९७४मध्ये त्यांतून वारा मोजून दाखवला. युक्ती सुरेख होती. दिंडीत बोलण्याचा कितीही गलबला असो, एका ठेक्यातले टाळ एकमेकांत मिळून दूरवर ऐकू जातात. तसंच एकामागून एक परतणारे प्रतिध्वनी जुळवून त्यांची बेरीज केली की खरा संकेत वाढत जातो आणि खरखर मागे पडते. हवामानशास्त्राच्या आपल्या पुस्तकांत वुडमन यांचं नाव सहसा सापडत नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

त्याच वाटेवरचं आपलं रडार तिरुपतीजवळ गादंकीला आहे. मुंबईच्या ‘समीर’ संस्थेने ते घडवलं. सुमारे १३० मीटर लांब-रुंद मैदानात १०२४ यागी अँटेना उभ्या आहेत. पूर्वी टीव्हीसाठी कौलांवर असायच्या, त्याच जातीच्या. लहर साडेपाच मीटरहून थोडी मोठी. तिच्या निम्म्या, म्हणजे जवळपास तीन मीटर आकाराच्या उलथापालथीवरून ती नेमकी परत फिरते. परतताना तिची वारंवारता किंचित बदललेली असते, त्यावरून वाऱ्याचा वेग कळतो. वारंवारतेतला पसारा भोवऱ्यांचा जोर सांगतो. पावसाळ्यात सोळा किलोमीटरच्या आसपास पूर्वेकडून वाहणारा झोत सेकंदाला ४० मीटरच्याही पुढे जातो, आणि हे रडार त्याचा वेध मिनिटामिनिटाला घेऊ शकतं. हवामानाच्या फुग्याला एका फेरीत ते जमत नाही.

तरी ‘आता विमानांना इशारा मिळेल’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हे रडार फक्त आपल्या माथ्यावरचं आकाश पाहतं, म्यानमारवरचं नाही. विमानात दिवा विझला तरी पट्टा बांधलेलाच ठेवा.