मिनार सरळ, फोटो वाकडा

छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) बीबी का मकबऱ्यासमोर आपण मोबाइल वर कलवून फोटो काढतो, आणि दोन्ही बाजूंचे मिनार आत झुकलेले दिसतात. अशा वेळी थोडे मागे सरावे, मोबाइल ताठ धरावा, पडद्यावरच्या ग्रिडच्या रेषेशी मिनार जुळवावा. कारंज्यांचा लांब हौद मधोमध घेतला की नजर आपोआप घुमटाकडे जाते. कडेला जागा सोडावी. एडिटिंगमध्ये रेषा सरळ करताना कडा कापल्या जातात.

उजेड मात्र बेताने वाढवावा. इथे संगमरवर तळाकडे आणि घुमटाला आहे, मधल्या भिंतींवर गिलावा. सगळेच पांढरेशुभ्र केले तर हा फरक पुसला जातो. म्हणून आम्ही वर्गातल्या मुलांना सांगतो : मोबाइलने वाकवलेले सरळ करा, इमारतीचे वय लपवू नका.