चित्र अडखळते तेव्हा

व्हिडिओ कॉलवर रुग्णाला पाहताना मी आधी श्वास मोजतो. चित्र थबकत असेल तर ही मोजणी चुकते. हाताचा कंप कोणता आणि चित्राचा धक्का कोणता, हेही उमगत नाही. म्हणून आपल्या घरच्या वाय-फायची चौकशी मला करावी लागते.

प्रथम मोबाइल राउटरशेजारी नेऊन पाहावा. तेथेही चित्र अडखळले, तर दोष बहुधा राउटरचा किंवा जोडणीचा. तेथे सुरळीत चालले, तर अडसर भिंतींचा. राउटर टीव्हीमागे दडलेला आणि आजींची खाट आतल्या खोलीत, हे दृश्य मी अनेक घरांत पाहिले आहे. तो उंच, मोकळ्या जागी ठेवावा. बहुतेक नव्या राउटरवर दोन पट्टे असतात. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंतींत लवकर क्षीण होणारा, २.४ गिगाहर्ट्झचा संथ, पण दूरवर पोहोचणारा. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच २.४ च्या आसपास चालतो. दूध तापत ठेवले आणि पडद्यावरचे डॉक्टर गोठले, असे खरोखर घडते!

केबल जोडणे सर्वांत खात्रीचे; मात्र ती भिंतीलगत न्यावी. चालण्याच्या वाटेत आलेल्या केबलमुळे खुबा मोडू शकतो, आणि ते दुखणे अडखळत्या चित्राहून फार मोठे.

धाप वाढली असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा छातीत दुखत असेल, तर राउटर बंद-चालू करत बसू नये. १०८ ला फोन करावा.