बॉनेटच्या आत (भाग ६) : नव्वद अंशांचा सांभाळ

मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी खंबाटकी घाट चढताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून थांबलेल्या दोन-चार गाड्या हमखास दिसतात. कुणी बाटलीतलं पाणी ओतत असतं, कुणी हाताला फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवायच्या बेतात असतं. गाडी तापली की पाणी घालायचं, एवढीच गाडीच्या कूलिंग यंत्रणेची अनेकांना ओळख असते. पण तिचं काम इंजिन गार करण्याचं नाहीच. त्याला ९० अंश सेल्सिअसच्या आसपास धरून ठेवणं, हे तिचं काम.

गेल्या आठवड्यात सिलिंडरमध्ये इंधन कसं जळतं ते पाहिलं. त्या क्षणी आतल्या वायूचं तापमान २,००० अंशांच्याही वर जातं आणि अ‍ॅल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळतं. इंधनातून मिळणाऱ्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढण्याच्या कामी येतो, तेवढाच सायलेन्सरवाटे निघून जातो. उरलेल्या उष्णतेचा मोठा वाटा पाण्याला वाहून न्यावा लागतो.

सुरुवातीच्या गाड्यांत हे पाणी चक्क उकळून उडून जायचं. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्त्झहाइमला गेली, तेव्हा तिला वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं. तेच पाणी फिरवून वापरायचं, तर ते झटपट निवायला हवं. विल्हेल्म मायबाख यांनी १९०० मध्ये तयार केलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी ८,०७० बारीक नळ्यांचा रेडिएटर बनवला. आजच्या रेडिएटरमागची कल्पना तीच आहे : पाण्याचे पातळ थर करायचे आणि त्यांच्यामधून वारा खेळवायचा.

गाडी सुरू झाली की वॉटर पंप इंजिनाभोवतीच्या पोकळ्यांतून कूलंट, म्हणजे रसायनं मिसळलेलं हेच पाणी, फिरवू लागतो. इंजिन थंड असेपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो. त्याच्या पोटात मेण असतं. तापमान साधारण ८२ ते ९० अंशांवर आलं की ते वितळून फुगतं, झडप उघडते आणि गरम कूलंट रेडिएटरकडे जातं. सिग्नलला उभं राहिल्यावर समोरून वारा मिळत नाही, तेव्हा विजेवर चालणारा पंखा ती उणीव भरून काढतो.

आता त्या झाकणाकडे वळू. स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरसारखंच ते आत दाब धरून ठेवतं. आतला दाब बाहेरच्यापेक्षा एक बारने जास्त असला की साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ग्लायकॉल मिसळलेलं असलं तर मर्यादा आणखी वर सरकते. म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण उघडणं भयंकर ठरतं. दाब सुटताच १०० अंशांच्या वरचं पाणी एका क्षणात उकळतं आणि वाफेसकट तोंडावर येतं.

घाट या यंत्रणेची परीक्षा तीन बाजूंनी घेतो. खालच्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरतं, वेग कमी असल्याने वारा कमी मिळतो आणि उंची वाढेल तसा पाण्याचा उत्कलनबिंदू उतरतो. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला उघड्या भांड्यातलं पाणी ९६ अंशांच्या आतच उकळतं. झाकणाचं रबर झिजलं असेल, तर गाडीची अवस्था त्या भांड्यासारखीच होते.

‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणार नाही,’ हा सल्ला अनेक गॅरेजांत आजही मिळतो. तो ऐकला तर इंजिन गरम व्हायला फार वेळ घेतं, इंधन जास्त जळतं आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर आडवाट कायमची उघडी राहते. थोडं गरम पाणी रेडिएटर चुकवून तसंच परत फिरतं आणि घाटात गाडी उलट जास्तच तापते.

नळाचं किंवा बोअरचं पाणी हा दुसरा शत्रू. त्यातले क्षार बारीक नळ्यांत थर धरतात आणि धातूला गंज चढतो. कूलंटमध्ये गंजरोधक रसायनं असतात, पण ती कालांतराने संपतात. म्हणून पातळी बरोबर दिसली तरी ते मॅन्युअलमधल्या मुदतीत बदलायचं. रंगावर विसंबू नये. हिरवं, गुलाबी, निळं हे रंग कंपनीगणिक बदलतात; मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकारच वापरायचा आणि मिसळायचं तर डिस्टिल्ड वॉटर. जुनं कूलंट अंगणात ओतू नये. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असतं आणि कुत्री-मांजरं ते चाटतात.

महिन्यातून एकदा, इंजिन थंड असताना, कूलंटच्या बाटलीतली पातळी पाहावी. होज पाइप दाबून बघावेत : फुगलेला, भेगाळलेला किंवा मऊ पडलेला पाइप बदलायचा. पातळी वारंवार उतरत असेल आणि गळती कुठेच दिसत नसेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावी. ऑइल दुधाळ दिसणं किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणं, ही ती निकामी झाल्याची लक्षणं.

आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकलाच, तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा. तोही एक छोटा रेडिएटरच आहे. सुरक्षित जागा मिळताच गाडी थांबवून इंजिन बंद करावं आणि ते पुरतं निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं, तर सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो.

(पुढच्या आठवड्यात : बॅटरी आणि अल्टरनेटर)