घसरणारा षड्ज

हार्मोनियमची पांढरी एक ही पट्टी सा धरा आणि तिच्याबरोबर ग व प या पट्ट्या एकदम दाबा. तीन निराळे स्वर एकमेकांत छान मिसळून जातात. आता सा, रे, ग एकदम दाबून पाहा. कान लगेच तक्रार करतो! असे का व्हावे?

हिशेबाच्या सोयीसाठी सा ची कंप्रता सेकंदाला २४० धरू. मग बिलावल थाटाचे नैसर्गिक स्वर असे येतात : सा २४०, रे २७०, ग ३००, म ३२०, प ३६०, ध ४००, नी ४५०, सां ४८०. यांतील सा, ग, प यांचे गुणोत्तर ४:५:६ भरते. वाद्याचा कोणताही स्वर एकटा नसतो. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे अधिस्वरही त्यात मिसळलेले असतात. सा चा पाचपट अधिस्वर १२००, आणि ग चा चौपटही १२००च. असे अधिस्वर जुळले की मिश्रण गोड लागते. थोडे हुकले तर आवाज कमीजास्त होत थरथरतो. या थरथरीला विस्पंद म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८६३ मध्ये स्वरसंवादाची उपपत्ती मांडली, ती याच आधारावर.

पाश्चात्त्य संगीतात अशा स्वरसमूहाला कॉर्ड म्हणतात. ती बांधण्याची रीत सोपी आहे : एक स्वर घ्यायचा, पुढचा सोडायचा, त्यापुढचा घ्यायचा, असे तीन स्वर जमवायचे. म पासून निघालो तर म-ध-सां, म्हणजे ३२०, ४००, ४८०. प पासून प-नी-रें, म्हणजे ३६०, ४५०, ५४०. दोन्हींचे गुणोत्तर पुन्हा ४:५:६! आणि या तीन कॉर्डमध्ये मिळून सप्तकाचे सातही स्वर येऊन जातात. म्हणूनच गिटार नुकतीच शिकू लागलेला मुलगाही तीन कॉर्डवर कितीतरी गाण्यांना साथ करू शकतो. प च्या कॉर्डनंतर सा ची कॉर्ड आली की घरी पोचल्यासारखे वाटते, कारण नी तील ओढ शेजारच्या सां वर जाऊन विसावते.

ग आणि ध वरच्या कॉर्ड १०:१२:१५ या गुणोत्तराच्या, किंचित उदास. नी वरची अस्थिर. ती येथे बाजूला ठेवू. खरी गंमत रे ची आहे. रे-म-ध म्हणजे २७०, ३२०, ४००. रे आणि ध यांचे गुणोत्तर सा-प प्रमाणे २:३ हवे, पण त्यासाठी रे २७० नव्हे, २६६.७ लागतो. प च्या कॉर्डला मात्र २७०च हवा. एकच रे दोघींना पुरत नाही.

आता सा, ध, रे, प, सा या क्रमाने कॉर्ड गाणारा, साथीला वाद्य नसलेला गायकवृंद डोळ्यांसमोर आणा. दोन कॉर्डमधला सामाईक स्वर धरून ठेवून प्रत्येक कॉर्ड त्यांनी अचूक जुळवली, तर ध ४००, त्यावरून रे २६६.७, त्यावरून प ३५५.६ आणि अखेर सा २३७! कोणीही बेसूर न गाता षड्ज ८१ भागांत एक भाग घसरला. पाच फेऱ्यांत तो जवळजवळ एक पट्टी खाली येईल. स्वर असा कसा सरकतो याचा हिशेब इटालियन गणिती बेनेदेत्ती याने केला होता; तो १५८५ च्या त्याच्या ग्रंथात आहे.

पट्ट्यांच्या वाद्यांनी यावर तडजोड काढली. सप्तकाचे बारा सारखे भाग केले. प्रत्येक पट्टी मागचीच्या १.०५९५ पट. त्यामुळे कॉर्ड कोणत्याही क्रमाने वाजवा, षड्ज हलत नाही. प ३५९.६ येतो, ते चालून जाते. पण ग येतो ३०२.४. त्याचा चौपट अधिस्वर सुमारे १२०९.५, म्हणजे सा च्या १२०० शी सेकंदाला साडेनऊ विस्पंद.

चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यात गंधार ऐकू येतो, तो सा चा पाचवा अधिस्वर, म्हणजे ३०० शी जुळणारा. हार्मोनियमचा ग त्याच्यापेक्षा चढा. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली (ती पुढे सैल झाली), त्या वादात मींड निघत नाही या तक्रारीबरोबर हा आक्षेपही होता. मला विचाराल तर आक्षेप कानाने खरा आहे. पण कॉर्ड वाजवायच्या तर दुसरा सोयीचा मार्ग नाही. शाळेत दोन्ही वाद्ये असतील तर तंबोरा जुळवून हार्मोनियमचा ग हळूच धरून ठेवा आणि थरथर मोजण्याचा प्रयत्न करा.