खारे पाणी, तिवराचे पान आणि औषधाचा मोह

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर, जळगाव जामोद व शेगाव या तालुक्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथे अनेक विहिरींचे पाणी खारट असते. असे पाणी दिलेले पीक जमिनीत ओल असूनही कोमेजते. कारण क्षारांमुळे मुळांना पाणी शोषून घेणे कठीण जाते. मग कोकणातील खाड्यांत, भरतीच्या पाण्यात उभी असलेली खारफुटी हिरवीगार कशी राहते?

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. कांदळाची मुळे त्यांतील बहुतेक क्षार बाहेरच अडवतात. तिवराची मुळेही क्षार रोखतात, आणि जे आत शिरतात ते पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकले जातात. म्हणूनच कोरड्या हवेत तिवराच्या पानावर मिठाचे पांढरे कण दिसतात. काही जातींत पिकली पाने गळताना साठलेले क्षारही सोबत नेतात.

ही झाडे पूर्णेकाठी लावून उपयोग नाही. त्यांना भरती-ओहोटीचा चिखल हवा. मात्र त्यांचा गुण पिकांना देता येईल काय, याचा शोध चालू आहे. चेन्नई येथील एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानातील शास्त्रज्ञांनी तिवरातील जनुके भातात घालून प्रयोग केले आहेत. तूर्त शेतकऱ्यांना जिप्सम व शेततळ्यातील गोडे पाणी यांचाच मुख्य आधार आहे.

खारफुटीच्या पानांना औषधी परंपराही आहे. मारांडीची पाने संधिवाताच्या वेदनेवर शेकण्यासाठी वापरली जातात. प्रयोगशाळेत काही पानांच्या अर्कांत जंतुनाशक व दाहशामक गुण आढळले आहेत. परंतु परीक्षानळीतील गुण म्हणजे रोग्यासाठी सिद्ध झालेले औषध नव्हे. गेव्याचा पांढरा चीक तर डोळ्यांत गेल्यास तात्पुरते अंधत्व येऊ शकते.

खारपाणपट्ट्यातील वाचकांनी विशेष जपावे. या भागात मूत्रपिंडाच्या विकाराचे अनेक रुग्ण आहेत आणि अशा रुग्णांना व रक्तदाब असणाऱ्यांना जादा मीठ घातक ठरते. मिठाने भरलेल्या पानांचा काढा कोणी सुचविल्यास तो घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. झाडाला मीठ बाहेर टाकता येते. आजारी मूत्रपिंडाला ते तितकेसे जमत नाही.