पापणी लवली नाही, म्हणून!

मैत्रिणींनो, रेशनचं ई-केवायसी किंवा सासूबाईंच्या पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाइलवर केलाय कधी? चेहरा गोलात धरायचा आणि सूचना आली की डोळे मिचकवायचे. समोर फोटो नाही, जितंजागतं माणूस आहे, हे मशीनला यावरून कळतं. आपल्याला त्यात काही वाटत नाही. दोनदा पापणी लववली, काम झालं!

पण जिची पापणी लवतच नाही, तिनं काय करायचं?

प्रज्ञा प्रसून यांच्यावर हीच वेळ आली. २००६मध्ये त्यांच्यावर अ‍ॅसिड फेकलं गेलं. चेहरा आणि डोळे वाईट भाजले. त्यातून त्या उभ्या राहिल्या, आपल्यासारख्याच होरपळलेल्या बायकांसाठी संस्था काढली. जुलै २०२३मध्ये त्या एका बँकेत खातं उघडायला गेल्या. कागदपत्रं सगळी बरोबर. पण कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवल्याशिवाय पुढचं पान उघडेना. समोर खुर्चीत बाई बसलीय, बोलतेय, आणि त्या जिवंत असल्याचा पुरावा मात्र पुरेसा नाही! गोष्ट चव्हाट्यावर आल्यावर बँकेनं त्यांच्यापुरता अपवाद केला. अपवादावर समाधान मानून घरी बसल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. पण त्या सुप्रीम कोर्टात गेल्या.

त्यांच्याबरोबर आणखी एक याचिका होती, अमर जैन या दृष्टिहीन वकिलांची. त्यांची अडचण वेगळी. चेहरा गोलात आलाय की नाही, हे न दिसणाऱ्यानं ओळखायचं कसं? ओटीपी ऐकून टाइप करेपर्यंत वेळ संपतो. पडद्यावरची वेडीवाकडी अक्षरं वाचून भरा म्हणतात, ती कोण वाचणार? मग शेजारच्या पोराला नाहीतर दुकानदाराला फोन द्यायचा, म्हणजे पिन, शिल्लक सगळं त्याच्या हातात. बाईमाणसाला हे किती जड जातं, ते वेगळं सांगायला नको.

खरं तर हाच मोबाइल अंध माणसाचा मोठा आधार आहे. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक सुरू केलं की पडद्यावर बोट फिरेल तिथलं वाचून दाखवतो, तेही मराठीत. हातातली नोट किती रुपयांची, हे सांगणारं 'मणी' नावाचं अ‍ॅप रिझर्व्ह बँकेनंच २०२०मध्ये काढलं. त्याला इंटरनेटही लागत नाही. म्हणजे जमत नाही असं नाही. बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं, एवढाच प्रश्न!

३० एप्रिल २०२५ला निकाल लागला. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्टानं सांगितलं आणि सरकारला २० निर्देश दिले. डोळे मिचकवण्याला दुसरा पर्याय हवा. सहीऐवजी अंगठा चालला पाहिजे. कागदावरचं केवायसी बंद करायचं नाही. पुढे ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनंही बँकांना बजावलं, की जिवंतपणाच्या या तपासणीमुळे अपंग ग्राहक बाहेर राहता कामा नये. अर्ज विचार न करता नाकारायचा नाही, आणि नाकारलाच तर अधिकाऱ्यानं कारण नोंदवून ठेवायचं.

हे सगळं आपल्या गावच्या शाखेत पोचलं असेलच असं नाही. काउंटरवरचा मुलगा बिचारा 'सिस्टीम घेत नाही हो' म्हणतो आणि मोकळा होतो. तेव्हा घरातल्या, शेजारच्या कुणाला घेऊन गेलात, तर आधी कागदावरचा फॉर्म मागा. तरी नाही म्हणाले, तर मॅनेजरांना भेटा आणि काय कारण नोंदवलंत ते विचारा. आणि हो, बोलणं आपण एकट्यानंच उरकू नका. खातं जिचं आहे, तिला बोलू द्या.